शाल, श्रीफळ आणि अर्धवट उतरलेली भूल

भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी ओळखत नाही. सर्जनच्या नावानं लोक नवस बोलतील, सिस्टरला साडी देतील, वॉर्डबॉयच्या हातावर चहापाणी ठेवतील. पण तुम्हाला झोपवून परत उठवणारी बाई कोण होती म्हणून विचारलं, तर म्हणतील, असंल कुणीतरी. सांगलीत घर आणि विटा, आष्टा, तासगाव, कवठे महांकाळ इथल्या छोट्या दवाखान्यांतून फिरती, असं माझं सगळं आयुष्य गेलं. ज्याचा श्वास मी स्वतःच्या हातानं पिशवी दाबून चालवला, तोच माणूस मंडईत मला 'मावशी, जरा सरका की' म्हणतो. मी सरकते. वाईट वाटत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं.

याला अपवाद एकाच गावाचा. कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका वाडीत माझं नाव घरोघर माहीत आहे. दर बुद्धपौर्णिमेला तिथल्या विहारासमोर मांडव पडतो, मला पुढची खुर्ची मिळते, खांद्यावर शाल येते, हातात नारळ येतो आणि माझं कौतुक सांगितलं जातं. ते ऐकताना मी खाली बघत बसते. लोकांना वाटतं, बाई किती साध्या आहेत. कसलं साधं अन् कसलं काय! त्या सगळ्या शाली माझ्या कपाटात घडी करून ठेवल्या आहेत आणि एकही मी अंगावर घेतलेली नाही.

का, ते सांगायला बसले आहे. पण त्याआधी आमचा धंदा थोडा सांगावा लागेल, नाहीतर माझी लाज तुमच्यापर्यंत पोचायची नाही.

मोठ्या ऑपरेशनला आम्ही तीन कामं करतो. झोप आणतो, दुखणं थांबवतो आणि स्नायू सैल करतो. तिसरं काम लोकांना माहीत नसतं. पोट कडक असेल तर सर्जनला आत हात घालता येत नाही, म्हणून ते सैल करणारं औषध द्यावं लागतं. स्नायूच्या दाराशी काही जागा असतात. मेंदूचा निरोप घेऊन येणारा निरोप्या त्या जागेवर बसला की स्नायू हलतो. आमचं औषध काय करतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशा त्या जागा अडवून बसतं. निरोप्या ताटकळत उभा. मग हात हलत नाही, पापणी हलत नाही आणि श्वासही थांबतो. तेवढा वेळ घशातल्या नळीतून श्वास देणं आमच्याकडे.

ऑपरेशन संपलं की याचा उतारा द्यायचा. आम्ही वर्षानुवर्षं निओस्टिग्मिन देत आलो. त्यानं नाडी मंदावते, म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट. हे निओस्टिग्मिन जागा अडवणाऱ्याला उठवत नाही बरं का. ते फक्त निरोप्यांची गर्दी वाढवतं, म्हणजे रेटारेटीत ते जागा पटकावतील. पण अडवणारे पुष्कळ असतील, नुकतेच चढलेले असतील, तर कितीही गर्दी करा, उपयोग नाही. तिथं थांबावंच लागतं. आता सुगामाडेक्स नावाचं नवं औषध आलंय. ठरावीक औषधांवरच चालतं, पण चालतं तेव्हा जागा अडवणाऱ्याला बखोटीला धरून गाडीतून खाली उतरवतं. पहिल्यांदा वापरलं तेव्हा मला रडू आलं होतं.

आणखी एक. सैल करणारं औषध झोप आणत नाही. झोपेचा गॅस आधी उतरला आणि हे मागं राहिलं, तर माणूस आतून जागा आणि बाहेरून दगड. त्याला ओरडता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय शांत झोपलाय.

उतारा नीट लागला की नाही हे बघायला यंत्र असतं. मनगटाशी चार छोटे झटके देतं आणि अंगठा चारही वेळा सारखा उडतो का ते बघायचं. आमच्या छोट्या दवाखान्यांत ते नसायचं. आम्ही विचारायचो, डोळे उघडा, जीभ काढा, डोकं उचला. विट्याचा एक गलाई व्यावसायिक होता, कुठं दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान होतं त्याचं. टेबलावर झोपल्या झोपल्या मला म्हणाला, बाई, भूल उतरल्यावर ती शंभर नंबरी उतरली हे तुमी कशावर घासून बघता? मी हसून म्हटलं, माझी नजर हीच कसोटी. त्या वेळी फार आवडलं होतं मला माझंच उत्तर.

कारण माझा लौकिकच तो होता. शेवटचा टाका पडतोय तोवर मॅडमचा पेशंट डोळे उघडतो, असं सर्जन एकमेकांना सांगायचे. यात जादू काही नव्हती. आम्हा फिरत्या भूलवाल्यांची ती सवयच होती. टाके घालायला सुरुवात झाली की झोपेचा गॅस कमी करत आणायचा, कारण पुढच्या गावात दुसरं टेबल वाट बघत असतं. मोठ्या इस्पितळात पेशंट हळूहळू उठला तरी चालतो. आमच्याकडे गाडी चालू ठेवूनच भूल उतरवायची पद्धत.

प्रकाश त्यातलाच एक. वायरमन, वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं दणकट. अपेंडिक्स फुटलेलं, पोटात पू. आई हौसाबाई, त्याला धरून घेऊन आलेली. कवठ्याच्या दवाखान्यात दुपारी ऑपरेशन लागलं. सर्जननी पोट धुतलं, शिवायला घेतलं. मी सवयीनं गॅस उतरवायला लागले. तेवढ्यात पोट आवळलं आणि सर्जन कावले, टाका बसत नाहीये म्हणून. मी सैल करणाऱ्या औषधाचा आणखी एक डोस दिला, जरा सढळच. तिकडे तासगावला सिझेरियन थांबलं होतं, दोनदा निरोप आला होता. एवढ्यात दिलेलं औषध उतरायला वेळ लागणार हे शिकाऊ मुलालाही कळतं. मी थांबले नाही. शिवून झाल्याबरोबर निओस्टिग्मिन दिलं.

प्रकाशनं डोळे अर्धे उघडले. डोकं उचला म्हटलं, तर मान थोडी हलली. मी ते उचललं असं धरलं. नळी काढली, कुशीवर वळवलं, सिस्टरला लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले. गाडीत बसते न बसते तोच सिस्टर धावत आली. मी तशीच पळाले. गाडी चालवताना चपला काढायची मला सवय, त्यामुळे अनवाणीच.

तो निळा पडत होता. श्वास घ्यायची धडपड चालू होती, पण पोट वर जात होतं आणि छाती आत. जीभ मागे पडलेली. मी जबडा वर उचलून धरला, मास्क लावला आणि अंगात जोर येईपर्यंत त्याला श्वास देत राहिले. डोळे अर्धवट उघडे होते आणि कोपऱ्यांतून पाणी येत होतं. निओस्टिग्मिननं डोळ्यांत पाणी येतं, तसं ते असेल असं समजून मी कापसानं पुसलं. हळूहळू त्याचा हात हलला, मग त्यानं मूठ आवळली, आणि निभावलं.

बाहेर हौसाबाईनं सगळं पाहिलं होतं. गाडीतून उतरून अनवाणी पळत आलेली बाई. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, तुमच्या मुलाचा श्वास अडकला होता, या मॅडमनी परत आणला. यातला शब्दन् शब्द खरा होता. तो का अडकला हे त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. हौसाबाई माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत, कारण तासगावला आधीच उशीर झाला होता.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला आमंत्रण आलं. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून गेले. हौसाबाईनं माईकसमोर उभं राहून सगळं सांगितलं, आणि दरवर्षी त्या सांगण्यात भर पडत गेली. माझे पाय काट्यांनी रक्ताळले, मी तिच्या पोराच्या तोंडात माझा श्वास फुंकला, असं काय काय. दवाखान्याच्या आवारात फरशी आहे, काटे कुठले? प्रकाश कार्यक्रमाचे दिवे आणि माईक बघायचा, मागे वायरींपाशी उभा असायचा. तो कधी दोन शब्द बोलला नाही. मला वाटायचं, बुजरा आहे.

सांगायचं दरवेळी ठरवायचे. म्हणजे गाडीत ठरवायचे आणि मांडवात विसरायचे. यांना आनंद होतोय, तो आपण कशाला मोडायचा, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. आपल्या सोयीचं कारण किती पटकन सापडतं नाही!

हल्ली मी केसेस बंद केल्यात. गेल्या वर्षी प्रकाशचा फोन आला. हौसाबाईला पित्ताशयाचे खडे झाले होते, पुन्हापुन्हा कळा येत होत्या. त्याआधी काही महिने तिच्या पापण्या खाली पडायला लागल्या होत्या, भाकरी चावता चावता जबडा दमायचा. सांगलीच्या डॉक्टरांनी निदान केलं होतं, मायस्थेनिया. या आजारात शरीरच स्नायूंच्या दारातल्या त्या जागा मोडून टाकत असतं. अशा माणसाला सैल करणारं औषध थोडंसं जरी जास्त झालं, तरी श्वास परत यायला दिवस लागू शकतात, किंवा येतही नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिचं ऑपरेशन सगळी सोय असलेल्या मोठ्या इस्पितळातच करा. आणि हौसाबाई म्हणत होती, मी कुठं जाणार न्हाई, कवठ्यालाच करायचं, बाईंच्या हातनं. मी केसेस बंद केल्यात म्हटल्यावर म्हणाली, माझ्यासाठी त्या येतील.

मी गेले नसते तरी त्या दवाखान्यात दुसरा कुणीतरी फिरता भूलवाला आलाच असता, माझ्यासारखाच, गाडी चालू ठेवून. माझ्या खोट्या कीर्तीच्या भरवशावर ती बाई मरायला निघाली होती. आता तरी सांगायलाच हवं होतं.

मी वाडीला गेले. हौसाबाई कॉटवर बसली होती, पापणी बोटानं वर धरून माझ्याकडे बघत. सून होती, दोन शेजारणी होत्या, प्रकाश दाराला टेकून उभा होता. मी सगळ्यांदेखत सांगितलं. त्या दिवशी मी तुमच्या मुलाला वाचवलं नाही, मरणाच्या दारात मीच नेलं होतं. औषध जास्त दिलं, उतारा घाईनं दिला, आणि पेशंट सोडून निघाले. परत आले ते चूक निस्तरायला.

हौसाबाई शेजारणीकडे वळली. "बघितलंसा? येवढ्या मोठ्या बाई, पर मोठेपणा कसा तो न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. औषधाची नावं घेऊन सांगितलं, जवळजवळ चिडून सांगितलं. ती माझा हात थोपटत राहिली, लहान मुलीचा थोपटावा तसा. आवं, माणसाच्या हातनं हुतंय कमीजास्त, पर परत कोण येतंय? आणि ऑपरेशन कवठ्यालाच, असं म्हणून तिनं पापणी सोडून दिली. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं खरं एकदाचं बोलले, आणि त्याची किंमत शून्य. शेवटी मी हरले आणि म्हटलं, मोठ्या इस्पितळात चला, मी तिथं तुमच्या उशाशी बसते. त्याबरोबर ती तयार झाली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं, पण ती तयार झाली हे खरं. प्रकाश सगळा वेळ अंगणाकडे बघत होता.

इस्पितळात भूल देणारी स्नेहल माझ्याच हाताखाली शिकलेली. आता माझ्यापेक्षा कितीतरी सावध. तिनं मला आत बसायची परवानगी काढली. ऑपरेशनच्या सकाळी मी कपडे बदलून थिएटरच्या दाराशी आले, तर प्रकाश तिथं एकटाच उभा.

"मॅडम, येक सांगायचं हुतं," तो म्हणाला. "आत कुणी काय बोलू नगा. आईला ऐकू जाईल."

मी त्याला धीर दिला. या वेळी गाढ झोप असेल, झोप मोजायची पट्टी कपाळाला लावणार आहेत, तिला काही कळणार नाही.

"मला आलं हुतं ऐकू."

मी गॅसचं सांगायला लागले, मी तो कसा लवकर कमी केला ते. त्यानं निमूट ऐकून घेतलं. म्हणाला, त्ये तुमी घरी सांगितलं. औषधातलं मला काय कळत न्हाई. चूक समद्यांच्या हातनं हुती, डीपीवर माझ्या हातनं बी झाल्यात. मग मीटरचा आकडा सांगावा तशा आवाजात म्हणाला:

"पोट आवळलं म्हणून डाक्टर वरडले. तवा तुमी म्हणाला, पिणारा असणार, ह्या लोकांच्या पाचवीलाच पुजलेली असती. मग समदी हसली. मी पीत न्हाई, मॅडम. आमच्या घरात कुणीच पीत न्हाई."

मला ते आठवत नव्हतं. डोस आठवत होता, तासगावची घाई आठवत होती, पायाखालची तापलेली फरशी आठवत होती. हे वाक्य माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं, कारण तसलं आम्ही रोज बोलायचो. आमच्या जैन घरात दारूचा थेंब नाही याची मला घमेंड, आणि समोरच्याचं आडनाव कळलं की बाकीचं न विचारता कळल्यासारखं वाटायचं. प्रत्येक पेशंटला भूल देण्याआधी तंबाखू, दारू विचारायची असते. त्याला मी विचारलंच नव्हतं. पिणाऱ्याला औषध जास्त लागतं असं आम्ही धरून चालायचो, म्हणून तो डोस सढळ पडला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की घाई नडली. घाई नंतरची. आधी हे होतं.

मी कसंबसं विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस?

"काय सांगू? तिच्यासाठी जन्मात कोण पळत आलं न्हाई. येक शिकल्याली बाई तिच्या पोरासाठी अनवाणी पळत आली, येवढंच हाय तिच्यापाशी. त्ये बी काढून घेऊ व्हय?"

माझ्या तोंडून माफीचा शब्द निघायच्या आत स्ट्रेचर आलं. हौसाबाईनं माझा हात धरला आणि मुलाला म्हणाली, बाई हाईत, तू जा. तो स्ट्रेचर सोडून मागे सरला.

आत मी तिच्या उशाशी बसले. स्नेहलनं औषध अगदी थोडं दिलं, मनगटावर यंत्र लावलं. सर्जन आणि त्यांच्या हाताखालची पोरं कुठल्याशा मॅचबद्दल बोलायला लागली, साधंच बोलणं. मी म्हटलं, कृपा करून कुणी काही बोलू नका. मला म्हातारपणी वेड लागलंय असं त्यांना वाटलं असणार, पण गप्प बसले. शेवटी स्नेहलनं सुगामाडेक्स दिलं आणि मग काही न करता नुसती बघत थांबली. चारही झटक्यांना अंगठा सारखा उडाला तेव्हाच तिनं नळी काढली. हौसाबाईनं डोळे उघडले, पापणीला बोट न लावता, आणि पहिलं काय विचारलं तर, बाई, तुमी च्या घेतला का?

दुपारी तिला खोलीत आणलं. आवाज बारीक होता, पण बोलायला ती कधी कमी नव्हती. नर्सला माझी सगळी गोष्ट सांगून झाली. मग प्रकाशकडे बोट करून मला म्हणाली, आता ह्येचं बी करून घ्या. जुन्या टाक्यापाशी आतडं बाहेर येतंय, गोळा दिसतोय, पोटाला पट्टा आवळून खांबावर चढतोय, पर टेबलावर झोपायचं नाव काढत न्हाई. तुमी सांगितल्यावर ऐकंल.

मला हे ठाऊकच नव्हतं. प्रकाश मला सोडायला लिफ्टपर्यंत आला. तिथं मी त्याची माफी मागितली. त्या वाक्याचीच मागितली, औषधाची नाही. त्यानं मान डोलावली, पण असू द्या, विसरलो, असं काही तो म्हणाला नाही. मी म्हटलं, तो हर्निया वाढू देऊ नकोस, स्नेहलकडून करून घे, चांगली आहे ती.

"करीन की," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नेहमीची अदब होती. "तुमी आत नसाल तवा."

लिफ्ट आली. त्यानं माझ्यासाठी दार धरून ठेवलं. मी आत गेले.